डिप्लोमॅटिक व्हिसाच्या नावाखाली नणंदेचे पावणेतीन लाख गेले

'अमेरिकेत वकिलातीतल्या साहेबांच्या घरी स्वयंपाकाचं काम आहे, डिप्लोमॅटिक व्हिसावर पाठवतो' असं तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला सांगितलं गेलं असेल, तर पैसे देण्याआधी हे शेवटपर्यंत वाचा.

माझी नणंद पुण्यात डबे करून देते. भावजींच्या आजारपणात कर्ज झालं आणि ते फिटता फिटत नव्हतं. ओळखीतल्या एका बाईने तिला अंधेरीतल्या एजंटाचा नंबर दिला. आखाती देशाचे एक राजदूत वॉशिंग्टनला असतात, त्यांना भारतीय स्वयंपाकीण हवी आहे, पगार महिना सत्तर हजार, राहणं-खाणं फुकट. "ताई, हा साधा व्हिसा नाही. ए-१ आहे. ना इंटरव्ह्यू, ना बोटांचे ठसे. विमानतळावर कुणी अडवायची हिंमत करणार नाही," असं तो माझ्यादेखत तिला म्हणाला.

आधी पंचवीस हजार फाईलचे. मग नव्वद हजार 'वकिलातीची फी'. शेवटी एक लाख साठ हजार 'डिप्लोमॅटिक नोट काढायला'. पासपोर्ट स्टॅम्पिंगसाठी म्हणून ठेवून घेतला. त्यानंतर व्हॉट्सॲपवर 'व्हिसा मंजूर' असं एक पत्र आलं आणि तिकिटासाठी आणखी ऐंशी हजार मागितले. ते पत्र आम्ही न्यू जर्सीतल्या एका नातेवाइकाला पाठवलं. त्याचा फोन आला तो एकच वाक्य बोलायला: "वहिनी, एक रुपयाही देऊ नका." दुसऱ्या दिवसापासून एजंटाचा फोन बंद, ऑफिसला कुलूप.

त्यानंतर मी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वेबसाइटवर नियम वाचून काढले. त्या माणसाने सांगितलेली एकूणएक गोष्ट नियमांच्या बरोबर उलटी होती.

ए-१ व्हिसा राजदूत, मंत्री, परराष्ट्र सेवेतले अधिकारी आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांना मिळतो. सरकारी कामासाठी जाणाऱ्या इतर सरकारी कर्मचाऱ्यांना ए-२. सरकारने तुम्हाला स्वतःच्या कामावर पाठवायला हवं, तरच हे दोन्ही. आपण होऊन अर्ज करून, पैसे भरून ए-१ किंवा ए-२ मिळवायची सोयच नाही. हातात डिप्लोमॅटिक पासपोर्ट असला तरी तेवढ्याने भागत नाही, जाण्याचं कारण केंद्र सरकारचं अधिकृत काम असावं लागतं. राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद यांच्या वतीने जाणाऱ्यालाही हा व्हिसा मिळत नाही, त्यांना कामकाजासाठीचा किंवा पर्यटनाचा साधा बी-१ किंवा बी-२ घ्यावा लागतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण त्याच ऑफिसात आमच्या शेजारी एका साखर कारखान्याचे संचालक बसले होते. अभ्यास दौऱ्यासाठी त्यांनाही 'डिप्लोमॅटिक'च काढून देणार होता तो.

राजदूताच्या घरी काम करणाऱ्या माणसाचा व्हिसा वेगळा, ए-३. संयुक्त राष्ट्रांसारख्या संस्थांतल्या अधिकाऱ्यांच्या घरकामगारांसाठी जी-५. हे व्हिसे खरे आहेत, त्यावर आपल्याकडची माणसं खरोखर जातातही. फसवणारा नेमका याच खऱ्या गोष्टीचा आधार घेतो, म्हणून ए-३ कसा मिळतो हे नीट समजून घ्या.

पहिलं म्हणजे, ए आणि जी व्हिसाला अर्जाची फीच नाही. शून्य. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा, मालकाच्या देशाच्या वकिलातीने दिलेली डिप्लोमॅटिक नोट जोडायची आणि कामाचा लेखी करार द्यायचा. नोट हे एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेलं पत्र असतं. ती मालकाचा देश देतो, एजंटाकडून विकत घेता येत नाही. आमच्या हातात ठेवलेल्या 'नोटे'वर अशोकस्तंभ होता आणि वर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं नाव. मालक आखाती देशाचा, तर पत्र भारत सरकारचं कसं? खाली संपर्काचा पत्ता जीमेलचा होता.

दुसरं, इंटरव्ह्यू. ए-३ आणि जी-५ ला तो द्यावाच लागतो. मानवी तस्करी रोखण्यासाठी अमेरिकेने २००८ साली कायदा केला. त्यानुसार हा इंटरव्ह्यू मालक आणि एजंट यांच्या गैरहजेरीत घ्यायचा असतो, आणि कामगाराला तिच्या हक्कांची माहितीपुस्तिका द्यायची असते. बाईला मोकळेपणाने बोलता यावं, कुणी जबरदस्तीने किंवा फसवून नेत नाही ना हे कळावं, यासाठी ही व्यवस्था आहे. 'इंटरव्ह्यू नाही' असं सांगणारा एजंट तुमचं हे संरक्षणच काढून घेत असतो.

तिसरं म्हणजे करार, आणि माझ्या मते हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. तो इंग्रजीत हवा आणि कामगाराला इंग्रजी येत नसेल तर तिला कळणाऱ्या भाषेतही हवा. कामाचे तास, सुट्टी, पगार स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. जाण्या-येण्याचं तिकीट मालकाने काढायचं. कामगाराचा पासपोर्ट आणि कराराची प्रत मालक ठेवून घेणार नाही, अशी हमी त्यात असते. पहिल्या नव्वद दिवसांनंतर पगार चेकने किंवा बँकेतच जमा करायचा, रोख नाही. आणि पगार तिथल्या कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी चालत नाही. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, वॉशिंग्टन शहराचं त्याहून बरंच जास्त. आठवड्याचे चाळीस तास धरले तर केंद्रीय दरानेच महिन्याला लाखाच्या वर रक्कम होते. सत्तर हजारांचा आकडा ऐकताच व्हिसा नाकारला गेला असता.

नणंदेचा 'करार' म्हणजे पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचं एक पान. कामाचे तास नाहीत, सुट्टीचा उल्लेख नाही, मालकाच्या सहीच्या जागी नुसता गोल शिक्का.

हा करार तिकडे किती गांभीर्याने घेतात, ते आपण पाहिलेलं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये न्यू यॉर्कला भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली ती घरकामगाराच्या ए-३ व्हिसावरूनच. अर्जात दाखवलेला पगार आणि प्रत्यक्षातला पगार वेगळा असल्याचा आरोप होता. त्यावरून दोन देशांत वाद पेटला.

झेंडे, शिक्के आणि मंत्र्यांसोबतचे फोटो बघून दबून जाऊ नका. जुलै २०२५ मध्ये गाझियाबादला एका बंगल्यात चाललेली अख्खी खोटी वकिलात पोलिसांनी उघडकीस आणली. वेस्टार्क्टिकासारख्या, कुणीही मान्यता न दिलेल्या 'देशां'चा राजदूत म्हणवणारा माणूस ती चालवत होता. दारात डिप्लोमॅटिक नंबरप्लेटच्या गाड्या, आत खोटे डिप्लोमॅटिक पासपोर्ट. परदेशात नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळल्याचा आरोप त्याच्यावर आहे.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. नोंदणी असलेल्या एजंटालाही ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तुमचा पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा त्याला काहीही हक्क नाही, १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे.

आमच्या तक्रारीवरून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली गुन्हा नोंदवला गेला आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत, पासपोर्टही नाही. नणंद आजही पहाटे उठून डबे करते आणि तारखेला पोलीस ठाण्यात जाऊन येते, ते पाहून जीव तुटतो. पैसे यूपीआयने गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते.

त्या ऑफिसच्या बाकावर सोलापूरकडच्या दोघी आणि लातूरची एक होती, आमच्यासारख्याच फायली छातीशी धरून बसलेल्या. त्यांच्यापैकी किंवा त्यांच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून आपापल्या पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्या. लाज वाटून घेऊ नका, गुन्हा त्याने केलाय. व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका, पावत्या फाडू नका, आणि तो शिक्का मारलेला स्टॅम्प पेपर असेल तर त्याची मूळ प्रत जपून ठेवा. तपास अधिकारी आमच्याकडे सारखी तीच मागत आहेत आणि आमच्याजवळ फक्त झेरॉक्स आहे.