मर्यादित बजेटमध्ये एअर रायफल: स्प्रिंग, गॅस पिस्टन की पीसीपी?

एअर रायफलीच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला असतो तो छर्ऱ्याचा वेग, आणि बजेट मर्यादित असेल तर नेमका हाच आकडा सर्वांत शेवटी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सेकंदाला 300 मीटरहून अधिक वेगाचे दावे बहुधा अतिशय हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यावर मोजलेले असतात. शिशाचा नेहमीचा छर्रा त्याच रायफलीतून बराच सावकाश जातो. शिवाय वेग ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरच्या आसपास गेला, की कमरेत निमुळता असलेला हा छर्रा हवेत डळमळू लागतो आणि नेम विखुरतो. 10 मीटर स्पर्धेच्या रायफली अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला सेकंदाला साधारण 170 ते 175 मीटर एवढाच वेग देतात, म्हणजे ऊर्जा जेमतेम 7.5 ज्यूल भरते, आणि तेवढ्यावर नेमबाज अर्धा मिलिमीटर व्यासाच्या दहा गुणांच्या ठिपक्याचा वेध घेतात.

कमी खर्चात सर्वाधिक पर्याय मिळतात ते स्प्रिंग रायफलींमध्ये. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, किंवा खालचा अथवा बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग दाबली, छर्रा भरला की रायफल तयार होते. पंप, सिलिंडर, वायूचे कार्ट्रिज यांपैकी काहीच लागत नाही. तिची खरी अडचण धक्क्याची आहे. ट्रिगर दाबताच जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबला की ती उलट पुढे ओढली जाते, आणि या गडबडीत छर्रा अजून नळीतच असू शकतो. त्यामुळे रायफल घट्ट आवळून धरली तर प्रत्येक गोळीला हाताचा जोर थोडा वेगळा पडतो आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा झुबका, फुटतो. पुढचा हात उघडा ठेवून, त्याच्या तळव्यावर रायफल नुसती टेकवून, दर वेळी त्याच जागी धरण्याची सवय करावी लागते. ही सवय लागेपर्यंत चांगली रायफलही वाईट वाटते, म्हणून पहिल्या आठवड्यातच तिला दोष देऊ नये. याच दुहेरी धक्क्याने साध्या दुर्बिणीची भिंगे व नेमाच्या रेषा सैल होतात. दुर्बीण घ्यायचीच असेल तर ती स्प्रिंग एअर रायफलीसाठी बनवलेलीच हवी.

गॅस पिस्टनच्या रायफलीत स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू भरलेला बंद सिलिंडर असतो. स्प्रिंगची पिळवट आणि झणझणाट त्यात नसतो आणि कॉक करून, म्हणजे झाडायला तयार करून, ठेवली तरी तिचा जोर उतरत नाही. मात्र धक्का राहतोच, आणि तो अनेकदा अधिक तुटक जाणवतो. वायू गळला तर घरी दुरुस्ती बहुधा होत नाही, पूर्ण सुटा भाग बदलावा लागतो. एकाच किमतीत दोन्ही मिळत असतील, तर मी ट्रिगर ज्याचा चांगला ते घेईन. केवळ गॅस पिस्टनसाठी जादा पैसे मोजणे मला पटत नाही.

पीसीपी, म्हणजे आधीच उच्च दाबाने हवा भरून ठेवलेली रायफल, चालवायला निःसंशय सर्वांत सोपी आहे. जड पिस्टन नसल्याने धक्का जवळपास नाही, आणि नवशिक्यालाही लवकर चांगले ग्रुप मिळतात. पण तिच्या किमतीत हवा भरण्याची सोय धरलेली नसते. साधारण 200 बार दाब भरायला खास हातपंप, मोठा सिलिंडर किंवा कॉम्प्रेसर लागतो, आणि हातपंपाचे शेवटचे झोके चांगलेच दमवणारे असतात. सायकलचा पंप इथे उपयोगाचा नाही. आत दमट हवा गेली तर गंज धरतो, सील झिजले तर रात्रभरात दाब उतरतो. म्हणून रायफल आणि पंप यांची एकत्रित किंमत बजेटमध्ये बसत असेल तरच पीसीपीचा विचार करावा.

कार्बन डायऑक्साइडवर चालणारी रायफल सुरुवातीला स्वस्त पडते, पण कार्ट्रिजचा खर्च कायमचा मागे लागतो. या वायूचा दाब तापमानावर ठरतो: 20 अंश सेल्सिअसला सुमारे 57 बार, तर 0 अंशाला सुमारे 35 बार. सलग भरभर गोळ्या झाडल्या की सिलिंडर थंडावून वेग घसरतो. नेमाच्या सरावासाठी मी ती सुचवणार नाही.

कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या व्यासाचा, निर्णय सोपा आहे. समजा, दोन्ही रायफलींची ऊर्जा 16 ज्यूल आहे; तर 0.53 ग्रॅमचा 4.5 मिमी छर्रा सेकंदाला सुमारे 245 मीटरने निघतो आणि 0.93 ग्रॅमचा 5.5 मिमी छर्रा सुमारे 185 मीटरने. म्हणजे लहान छर्ऱ्याचा मार्ग अधिक सपाट राहतो. तो सहसा स्वस्तही असतो आणि 10 मीटर स्पर्धेत तोच चालतो. कागदी लक्ष्यासाठी 4.5 मिमी घ्यावे.

खरेदीच्या वेळी सर्वाधिक वेळ ट्रिगर आणि नळीच्या सांध्यावर घालवावा. ट्रिगरचा पहिला टप्पा हलका आणि दुसरा ठाम जाणवायला हवा. लांबच लांब, खरखरीत ओढ नेम बिघडवते. वेइराउख कंपनीची एचडब्ल्यू 30 एस ही कमी शक्तीची स्प्रिंग रायफल आजही नावाजली जाते, ती मुख्यतः तिच्या ‘रेकॉर्ड’ नावाच्या ट्रिगरमुळे. नळी मोडणाऱ्या रायफलीत नळी बंद करून दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. सांध्यात किंचितही हालचाल जाणवली तर ती रायफल सोडून द्यावी. छर्रा न भरता ट्रिगर मात्र दाबू नये, कारण समोर हवेची उशी नसल्याने पिस्टन थेट आपटतो. शक्य असेल तर लक्ष्यावर चार-पाच प्रकारचे छर्रे झाडून पाहावेत, कारण दोन एकसारख्या रायफलींनाही वेगवेगळे छर्रे मानवतात. 10 मीटरवर सपाट डोक्याचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, त्याहून जास्त अंतरावर गोल डोक्याचा बरा.

एकूण रकमेतला निदान पाचवा हिस्सा चांगले छर्रे, भक्कम छर्रारोधक पेटी आणि डोळ्यांच्या संरक्षक चष्म्यासाठी राखून ठेवावा. शिसे हाताळल्यावर हात धुणे आवश्यक आहे, आणि वय, परवाना व शक्तीची मर्यादा यांचे आपल्याकडचे नियम पैसे देण्यापूर्वी तपासावेत.

केवळ 10 मीटरवर कागदी लक्ष्य हेच ध्येय असेल, तर जुनी स्पर्धेची रायफल हा माझ्या मते सर्वांत मोलाचा पर्याय आहे. फाइनवेर्कबाउ 300 मध्ये सगळी यंत्रणा रुळांवर मागे सरकून धक्का गिळते, डायना 75 मध्ये दोन पिस्टन विरुद्ध दिशांना धावून तो रद्द करतात, तर फाइनवेर्कबाउ 601 दांड्याच्या एकाच हालचालीत हवा दाबते आणि तिला पंप लागत नाही. या रायफली जड आहेत, त्यांची सील बदलावी लागू शकतात, म्हणून सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक मिळेल याची खात्री आधी करावी. सेकंडहँड रायफल पीसीपी असेल, तर सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. स्पर्धेच्या सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त 10 वर्षे धरतात, आणि ती संपली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करूनच आकडा ठरवावा.