ग्लॅडिओलसचे कंद: माळवदाच्या खोलीत की कोल्डला?

मार्चमध्ये ग्लॅडिओलसच्या फुलझाडाचे कंद काढले की दरवर्षी हाच प्रश्न, पुढच्या लागवडीपर्यंत घरी ठेवायचे का कोल्ड स्टोरेजला टाकायचे. मी चार वर्षं घरी ठेवले अन् आता तीन वर्षं कोल्डला टाकतोय.

घरी म्हणजे आमच्या माळवदाच्या (मातीच्या छताच्या) खोलीत, सावलीत दोन-तीन आठवडे सुकवून, बुरशीनाशकातून काढून, जाळीच्या पोत्यात. खर्च जवळपास नाहीच, कधीही जाऊन सडका वेचता येतो. माळवद थंड असतं हे खरंय, पण बाहेर ४२ असताना ते तरी किती धरणार? कंद झोपलेला दिसतो पण श्वास चालूच, अन् जितकी गरमी तितका तो स्वतःचाच स्टार्च जाळतो. ऑगस्टमध्ये हातात घेऊन बघा, मार्चला टणक होता तो हलका लागतो, अंगठ्यानं दाबलं की दबतो.

कोल्डमध्ये ७-८ अंशाला हा श्वास मंदावतो, साठा टिकतो, अन् थोडा स्टार्च साखरेत बदलतो, कोल्डचा बटाटा गोडसर लागतो ना, तसंच. ती साखर कोंबाला आयती मिळते, शिवाय गारव्यानं कंदाची झोप मोडते.

मला खरा त्रास झाला तो उगवणीचा. घरचे कंद काही दहा दिवसांत वर, काही महिनाभर ढिम्म, मग फुलं पण तशीच, आज चार जुड्या, परवा सहा, अन् खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की दांडी तोडावीच लागते, जुड्या साठेपर्यंत थांबता येत नाही. चार जुड्यांसाठी पहाटेची एसटी धरायची, तिकीट वजा जाता हातात काय राहतं? कोल्डच्या कंदांचा पट्टा जवळपास एकदमच उगवतो, टेम्पो भरतो.

कोल्डला भाडं आहे, अंतर आहे. एका साली ओलसर कंद टाकले अन् क्रेटच्या क्रेट बुरशीनं गेले, तेव्हा नीट सुकवूनच टाका. आंबा-केळीच्या खोलीत तर नकोच, पिकणाऱ्या फळांचा वायू कंदाला बाधतो.

दोन-चार गुंठेच असतील तर माळवद चालेल असं मला वाटतं, गुलछडीचे कंद मी अजून घरीच ठेवतो. ग्लॅडिओलसचे मात्र यंदा बियाण्याचे बारके कंद पण कोल्डलाच जाणार.