एमसीएल-३५ : लिम्फोमाचा वेग सांगणारी चाचणी

मँटल सेल लिम्फोमा हा लसीका पेशींचा कर्करोग काही रुग्णांमध्ये उपचारांविना वर्षानुवर्षे शांत राहतो, तर काहींमध्ये थोड्याच महिन्यांत हाताबाहेर जातो. सायक्लिन डी-१ हे प्रथिन बहुधा दोन्हींत वाढलेले असल्यामुळे निदान होते. वेग मात्र कळत नाही. तो जनुकांच्या अभिव्यक्तीवरून, म्हणजे ती किती सक्रिय आहेत यावरून, ठरवणारी एमसीएल-३५ ही चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली.

तिच्यातील १७ जनुके पेशीविभाजनाशी निगडित असून उरलेली १८ केवळ तुलनेपुरती आहेत. तिचा खरा गुण नमुन्याच्या बाबतीत दिसतो. २००३ साली याच तत्त्वावर मांडलेल्या पद्धतीला गोठवलेली ऊती लागत असे, आणि ती एरवी कोण जपून ठेवतो? ही चाचणी पॅराफिनच्या नेहमीच्या ब्लॉकवर, म्हणजे फॉर्मलीनमध्ये टिकवून मेणात जतन केलेल्या ऊतीवर, चालते. फॉर्मलीनमुळे आरएनएचे (जनुकांची सक्रियता ज्यावरून मोजतात त्या रेणूचे) तुकडे होतात. पण येथे त्याच्या प्रती वाढवल्या जात नाहीत, तर छोट्या तुकड्यांनाही चिकटणारे रंगीत बारकोड यंत्र एकेक करून मोजते.

निष्कर्ष कमी, मध्यम आणि जास्त धोका अशा तीन गटांत येतो. पडताळणीतील ११० रुग्णांमध्ये या गटांचे मध्यक आयुर्मान अनुक्रमे ८.६, २.६ आणि १.१ वर्षे आढळले. ही फारकत निःसंशय प्रभावी आहे. मात्र ते रुग्ण आर-चॉप या केमोथेरपीवर आधारित उपचार घेणारे होते, त्यामुळे बीटीके-रोधक औषधांच्या (कर्करोगपेशींना लागणारे बीटीके हे विकर रोखणाऱ्या) काळात अहवालातील गट म्हणजे उरलेली वर्षे असा अर्थ कोणी काढू नये.

के-आय-६७ ही विभाजन पावणाऱ्या पेशींची टक्केवारी सांगणारी तपासणी सोपी व सर्वत्र उपलब्ध आहे, हे मान्यच. परंतु ३० टक्क्यांच्या सीमारेषेजवळ एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टांचे आकडे जुळतीलच असे नाही, आणि एमसीएल-३५ चा उपयोग मला तेथेच सर्वाधिक वाटतो.

उणिवाही आहेत. टीपी-५३ या कर्करोगाला आळा घालणाऱ्या जनुकातील उत्परिवर्तन ती शोधत नाही, आणि त्या उत्परिवर्तनाचे रुग्ण नेहमीच्या केमोथेरपीला कमी दाद देतात. शिवाय चाचणी लसीका ग्रंथींच्या नमुन्यांवर बेतलेली असल्याने, मुख्यतः रक्तात व प्लीहेत आढळणाऱ्या, बहुधा सॉक्स-११ हे प्रथिन नसलेल्या संथ प्रकारासाठी, म्हणजे जेथे थांबून पाहण्याचा निर्णय घ्यायचा असतो नेमक्या त्याच ठिकाणी, ती फारशी हाताशी येत नाही. टीपी-५३ च्या तपासणीसोबत ती जरूर करावी. केवळ तिच्या भरवशावर उपचार बदलण्याची शिफारस मी करणार नाही.