‘एकास चार पाणी’ सांगून विकलेलं टायर पॉलिश

दसरा जवळ आला की वॉशिंग सेंटरवर माल विकणाऱ्यांची ये-जा वाढते. खंडेनवमीच्या आधी गाड्या धुवायला रांग लागते, टायर काळेभोर हवेत, डॅशबोर्ड चमकला पाहिजे अशी प्रत्येकाची मागणी असते, आणि पॉलिशचा वर्षातला सगळ्यात मोठा खप याच दिवसांत होतो. नेमक्या याच गर्दीत आमच्या सेंटरकडून ‘कॉन्सन्ट्रेट’चे, म्हणजे पाणी घालून वापरायच्या दाट पॉलिशचे, पैसे घेऊन पांढरं पाणी गळ्यात मारण्यात आलं. सांगली-मिरज पट्ट्यात आमच्यासारखे आणखीही काही जण यात सापडलेत. दसरा उरकला की ही माणसं दिवाळीच्या धंद्यासाठी दुसरं गाव धरतात, म्हणून सविस्तर लिहितोय. वॉशिंग सेंटरवाल्यांनी वाचावंच, पण घरी स्वतःच्या गाडीला पॉलिश लावणाऱ्यांनीही वाचावं, कारण हाच माल लिटरच्या बाटलीत भरून त्यांनाही विकला जातो.

आधी खरा माल कसा असतो ते सांगतो. टायरला आणि आतल्या प्लास्टिकला लावायचं पॉलिश मुख्यतः दोन जातींचं. एक दुधासारखं पांढरं, पाण्यात मिसळणारं. त्यात सिलिकॉन तेलाचे अतिशय बारीक थेंब पाण्यात धरून ठेवलेले असतात. लावल्यावर पाणी उडून जातं आणि तेलाचा पातळ थर मागे राहतो. दुसरं पारदर्शक, रॉकेलसारख्या वासाचं, पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये सिलिकॉन विरघळवलेलं. ते टायरपुरतंच, आणि त्यात पाणी मिसळतच नाही. पाणी घालून वापरायचा प्रकार पहिल्या जातीतला, फक्त त्यात तेलाचं प्रमाण भरपूर असतं. टायरला चकाकी हवी असेल तर तो तसाच किंवा एकास एक पाणी घालून लावायचा. डॅशबोर्डला, दरवाजाच्या पॅडला मंद, नव्यासारखा रंग हवा असेल तर एकास तीन किंवा एकास चार. एकाच कॅनमधून बाहेरचं आणि आतलं अशी दोन्ही कामं निघतात म्हणून धंद्याला हा माल परवडतो.

एकास चार म्हणजे १ भाग माल आणि ४ भाग पाणी, मिळून ५ भाग. ५ लिटरच्या कॅनमधून २५ लिटर पॉलिश. लिटरला ४५० रुपये मोजले तरी प्रत्यक्ष वापरायचं पॉलिश ९० रुपये लिटर पडतं. हा हिशेब अगदी खरा आहे. फसवणारा उभा राहतो तो याच खऱ्या हिशेबावर.

आमच्याकडे आलेला माणूस बोलायला गोड, नीटनेटका, खांद्याला कंपनीचं नाव छापलेली बॅग. “मालक, एक टायर द्या फक्त. पसंत पडलं तर बोलू, नाहीतर चहा पिऊन जातो.” नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या टायरवर त्यानं स्प्रेच्या बाटलीतून दोन-तीन फवारे मारले आणि स्पंजनं फिरवले. टायर काळाशार झाला. मग दरवाजाचा पॅड पुसला, तोही सुरेख दिसायला लागला. वर पाणी शिंपडून दाखवलं, तर थेंब घरंगळून खाली. “आणि हे एकास चार केलेलंच आहे बरं का,” असं तो बाटली हलवत म्हणाला.

सगळी फसवणूक या एका वाक्यात आहे. बाटलीतलं मिश्रण त्यानं घरून करून आणलेलं होतं. त्यात किती माल आणि किती पाणी, हे पाहणाऱ्याला कळायला काही मार्गच नाही. बाटलीत होता तो चांगल्या प्रतीचा दाट माल, आणि कॅनमध्ये आला तो वेगळा. शिवाय धुतलेलं ओलं रबर नुसत्या पाण्यानंही काही वेळ काळंच दिसतं, त्यामुळे गाडी रॅम्पवरून खाली उतरेपर्यंत कोणतंही पॉलिश खपून जातं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, उन्हातून आणि धुळीतून गाडी फिरून आल्यावर.

कॅन टेम्पोनं आले तेही संध्याकाळच्या ऐन गर्दीत. सील व्यवस्थित, लेबल झुळझुळीत, आतला माल पांढराशुभ्र आणि ओतताना चांगला दाट. कुणालाही वाटेल की पैसे वसूल झाले. पण दाटपणा घट्ट करणाऱ्या पावडरीनंही आणता येतो, आणि दुधाळ रंग तर जराशा तेलानंही येतो. डोळ्यांना दिसणाऱ्या या दोन्ही गोष्टींचा तेलाच्या प्रमाणाशी संबंध नाही, हे माहीत असलेला माणूसच असा माल भरतो.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. एका निवृत्त गुरुजींनी तर सकाळी सकाळी विचारलं, “अरे, पूजेच्या आधीच टायर राखेसारखे झाले की. पॉलिश लावलं होतंस का विसरलास?” कुणाच्या टायरवर पहिल्याच भुरभुर पावसात पांढरे ओघळ उतरले. दरवाजाच्या पॅडच्या नक्षीत वाळलेली पांढरी पूड बसली. डॅशबोर्ड हाताला चिकट लागायला लागला आणि त्यावर धुळीचा थर धरला. वर्षानुवर्षं विश्वासानं येणाऱ्या माणसाला असं उत्तर द्यावं लागणं फार वाईट. आम्ही त्या सगळ्या गाड्या परत बोलावून मोफत पुसून दिल्या. ज्यांना दसऱ्याला यायला जमलं नाही त्यांचे पॉलिशचे पैसे परत केले.

विक्रेत्याला फोन लावला. पहिला प्रश्न, “पाणी किती घातलं?” एकास चार, तुम्हीच सांगितलं होतं. “मग तुमचं पाणी बोअरचं असणार. एकास दोन करून बघा.” केलं, फरक नाही. “पोरांनी टायर नीट घासला नसेल.” घासून बघितला. “मग असं करा, टायरला तसंच लावा.” म्हणजे २५ लिटर म्हणून विकलेलं पॉलिश ५ लिटरवर आलं आणि ९० रुपयांचा लिटर ४५० चा झाला. साधं, तयार टायर पॉलिश याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं आणि यापेक्षा जास्त टिकतं.

इथे नीट लक्ष द्या. तयार पॉलिश खोटं निघालं तर विकणाऱ्याला लपायला जागा नसते. पाणी घालायच्या मालात मात्र पाणी घालणारा हात गिऱ्हाइकाचा असतो, त्यामुळे दोष प्रमाणावर, बोअरवर, टायरवर, कामावरच्या पोरांवर हवा तसा ढकलता येतो. त्यात त्याचं बोलणं सगळंच खोटंही नसतं. बोअरच्या जड पाण्यानं हलकं पॉलिश दूध नासावं तसं फाटू शकतं, हे खरं आहे. टायर आधी ब्रशनं घासून फेस पांढरा निघेपर्यंत धुवावा लागतो, हेही खरं. रबराला ओझोनमुळे भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्येच रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. ते हळूहळू वर येतं आणि टायरची बाजू तपकिरी दिसते. त्या थरावर लावलेलं पॉलिश धरत नाही. म्हणून आम्ही बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं, टायर पांढरा फेस येईपर्यंत घासला, पूर्ण सुकवला आणि मग लावलं. तरीही दुसऱ्या दिवशी टायर राखाडीच. आता विक्रेत्याकडे कारण उरलं नव्हतं. त्यानं फोन उचलणं कमी केलं.

घरच्या घरी तपासायचा एक उपाय आहे, तो प्रत्येकानं करावा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर स्टीलच्या वाटीत पाणी न घातलेला १०० ग्रॅम पांढरा माल मोजून घ्यायचा. ही वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर त्यातलं सगळं पाणी उडू द्यायचं. वेळ लागतो, लागू द्यावा. मागे उरतो तो खरा ऐवज. उद्योगांना विकलं जाणारं सिलिकॉन इमल्शन (तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवलेलं मिश्रण) साधारणपणे ३५ टक्के किंवा ६० टक्के तेलाचं असतं, यावरून दाट माल म्हणजे काय याचा अंदाज येईल. आमच्या कॅनमधून १०० ग्रॅममागे जेमतेम ४ ग्रॅम उरलं. त्यात चौपट पाणी घातलं तर १ टक्कासुद्धा राहत नाही. आणि ते ४ ग्रॅमही तेल नव्हतं. त्यावर थोडं पाणी टाकल्यावर ते फुगून बुळबुळीत झालं आणि हळूहळू विरघळून गेलं. सिलिकॉन तेल पाण्यात विरघळत नाही, वेगळं राहतं. विरघळलं म्हणजे घट्ट करणारी पावडर, ग्लिसरीन असं काहीतरी होतं. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून डॅशबोर्ड चिकट झाला होता, आणि पहिल्या पाण्यात ते धुऊन जातं, म्हणून टायरवरून ओघळ आले होते. ही परीक्षा फक्त पांढऱ्या, पाण्यातल्या मालाची. रॉकेलसारखा वास येणारा माल कधीही आचेवर ठेवू नका, तो पेट घेईल.

आणखी एक खूण म्हणजे वास. आमच्या एका कॅनला सील फोडल्याबरोबर आंबूस वास येत होता. पाण्यातल्या पॉलिशमध्ये ते कुजू नये म्हणून औषध घातलेलं असतं. आधीच कुणी त्यात पाणी वाढवलं तर ते औषधही पातळ होतं आणि माल नासतो. चांगला माल आपण पातळ केला तरी हेच होतं, म्हणून दोन-चार दिवसांत संपेल इतकंच मिश्रण करावं.

खूप मागे लागल्यावर बदली म्हणून त्यानं दोन कॅन पाठवले, ‘एक्स्ट्रा स्ट्राँग, आतबाहेर सगळीकडे चालतं’ म्हणून. आतला माल पारदर्शक, झाकण उघडताच रॉकेलचा भपका. बाटलीत पाणी घालून हलवलं तर थोड्या वेळात पाणी खाली, माल वर. म्हणजे पाणी घालून वापरायच्या मालाच्या बदल्यात पाण्यात न मिसळणारा माल. आम्ही तो गाडीला लावला नाही. जयसिंगपूरकडच्या एका ओळखीच्या सेंटरवर मात्र तो डॅशबोर्डला लावला गेला आणि प्लास्टिकवर निघता निघत नाहीत असे डाग पडले. रॉकेल-डिझेलसारख्या पदार्थांनी रबर फुगतं आणि मऊ पडतं, आतल्या संरक्षक रसायनांचीही वाट लागते. टायर एक दिवस चमकतो आणि नंतर लवकर म्हातारा दिसायला लागतो.

याहून गंभीर धोका चालवणाऱ्याला आहे. ‘सगळीकडे चालतं’ असं ऐकून कुणी स्टिअरिंगला, क्लच-ब्रेकच्या पेडलला, गिअरच्या दांड्याला हे लावलं तर हात-पाय घसरतात. डॅशबोर्डला पांढरा माल पाणी न घालता लावला तर त्याची चकाकी समोरच्या काचेत उमटते आणि उन्हात रस्ता दिसत नाही. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्याला, ब्रेकच्या डिस्कला आणि दुचाकीच्या टायरला तर कोणतंच पॉलिश लागू देऊ नये. दुचाकी वळणावर कलते तेव्हा टायरची कडही रस्त्याला टेकते. आणि जास्तीचं पॉलिश न पुसता गाडी पळवली की त्याचे शिंतोडे मडगार्डवर, दरवाजावर बसतात. पुढे तिथे रंगकाम करायची वेळ आली तर रंगात खड्डे पडतात. कोणत्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याला सिलिकॉनबद्दल विचारा, तो हात जोडेल.

आता कागदपत्रांचं. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे किरकोळ विक्रीच्या सीलबंद मालावर उत्पादकाचं किंवा भरणाऱ्याचं नाव आणि पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ माप, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. आमच्या कॅनवर मोठ्या अक्षरांत नाव होतं, गाडीचं चित्र होतं, चमकणारे तारे होते. पत्त्याच्या जागी फक्त ‘मेड इन इंडिया’. बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक होता. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर नोंदणी कधीच रद्द झालेली. हे कुणालाही फुकट, मिनिटभरात तपासता येतं. पैसेही कंपनीच्या खात्यावर न मागता एका माणसाच्या यूपीआयवर मागितले जातात.

असा विक्रेता दारात आला तर त्याला स्वतःची बाटली वापरू देऊ नका. सीलबंद कॅन तुमच्यासमोर फोडायला लावा, तुमच्या मापानं, तुमच्या पाण्यात एकास चार मिसळा आणि तुमच्याच रोजच्या गाडीच्या एका टायरला लावा. शेजारचा टायर कोरा ठेवा. दोन दिवस गाडी फिरवा, एकदा साध्या पाण्यानं धुवा, मग दोन्ही टायर बघून पैशांचं बोला. खरा माल विकणारा दोन दिवस थांबतो. “आजच घेतलं तर हा भाव, टेम्पो उद्या पुढे जाणार” असं म्हणणाऱ्याला जाऊ द्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वॉशिंग सेंटरवाल्यांना ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही’ असं विक्रेते सुनावतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतलेली धरली जात नाही. आम्ही तक्रार नोंदवली आहे, आणि लेबलवरच्या अपुऱ्या माहितीबद्दल जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयातही अर्ज दिला आहे. तुमच्याकडे असे कॅन आले असतील तर रागाच्या भरात रिकामे करून फेकू नका. सील न फोडलेला एक तरी कॅन, लेबलचे फोटो, बिल, यूपीआयची नोंद आणि ‘एकास चार’ लिहिलेले त्याचे मेसेज जपून ठेवा, आणि तुमची तक्रार वेगळी नोंदवा.