तीस अँपिअरचा डबा आणि माझे 5,598 रुपये

'12 व्होल्ट 30 अँपिअर पॉवर सप्लाय, फक्त 2,799' अशी जाहिरात मोबाईलवर दिसली तर हातसुद्धा लावू नका. माझे 5,598 रुपये गेले, तेही दोनदा फसून.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. जुन्या गाडीची इलेक्ट्रिकची कामं घरीच करतो. वायपर मोटर, हॉर्न, रिले गाडीत बसवण्याआधी टेबलावर चालवून बघायचे तर 12 व्होल्ट लागतात, आणि दर वेळी गाडीची बॅटरी काढून घरात आणणं माझ्या कमरेला झेपत नाही. म्हणून घरच्या विजेवर 12 व्होल्ट देणारा हा डबा मागवला. 500 रुपये यूपीआयने आगाऊ पाठवले, बाकीचे 2,299 पार्सल आल्यावर.

मी अडाणी नाही. 12 व्होल्टला 30 अँपिअर म्हणजे 360 वॅट, तेवढा ट्रान्सफॉर्मर जड असणारच, हे मला कळतं. म्हणूनच पैसे देण्याआधी खोकं उचलून बघितलं. चांगलं जड लागलं. पण तिरकं केल्यावर आत काहीतरी धप्पकन सरकलं. तो आवाज मी ऐकला! ट्रान्सफॉर्मर बोल्टने आवळलेला असतो, तो सरकत नाही. पण डिलिव्हरीवाला गाडी चालू ठेवून दारात उभा, 'काका, लवकर करा' म्हणत होता, आणि मी पैसे मोजून दिले. तो आवाज आजही डोक्यातून जात नाही.

मीटरवर 12.1 व्होल्ट दिसले. हेडलाईटचा 55 वॅटचा बल्ब लावला, तर तार नुसती लालसर झाली आणि व्होल्टेज 7 च्या खाली आलं. हा बल्ब जेमतेम साडेचार-पाच अँपिअर घेतो. झाकण उघडलं, तर आत 2 अँपिअरच्या अडॅप्टरची पट्टी आणि शेजारी सिमेंटचा गोळा. गोंद सुटला होता, म्हणून सरकत होता.

नंबरवर फोन केला. माणूस फार गोड बोलला. 'सर, रिफंडची रिक्वेस्ट पाठवलीय, मंजूर करा.' रक्कम बरोबर 2,799. बायको शेजारून म्हणाली, 'पैसे येणार तर पिन कशाला?' मी तिलाच गप्प केलं. पिन टाकला आणि आणखी 2,799 गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे मला माहीत होतं, पण रागाच्या भरात डोकं चाललं नाही.

लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. तुम्हीही एक मिनिट घालवू नका, पैसे पुढे सरकण्याआधीच अडवता येतात. पुढचे हेलपाटे मात्र ऐका. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा प्रिंट आणा, तिसऱ्यांदा 'इथं लोकांचे पाच-पाच लाख गेलेत, तुम्ही पाच हजारांसाठी आलात?' पाच हजार माझ्या कष्टाचे नाहीत का? रक्कम लहान म्हणून कागद बाजूला टाकायचा, तर हे चोर लहान रकमाच मारत राहणार! कुरिअरवाल्यांनी पाठवणाऱ्याचा पत्ता दिला, त्यावर तसं दुकानच नाही.

ज्यांना खरंच टेस्टिंग करायचंय त्यांनी कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस, म्हणजे त्याच्या आतला पॉवर सप्लायचा डबा, घ्या. हिरवी वायर काळीला जोडली की चालू होतो, पिवळीवर 12 व्होल्ट मिळतात. किती अँपिअर ते लेबलवर बघा. नाहीतर गॅरेजमधून जुनी पण चार्ज धरणारी बॅटरी आणा, प्लसच्या वायरला फ्यूज घालूनच. पार्टच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच पार्टला मिळेल असा, 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. पार्ट शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, वायर जळत नाही. स्टार्टर मात्र बॅटरीवरच आणि जाड केबलनेच, तो शंभराच्या वर अँपिअर ओढतो. आणि पार्सल दारातच हलवून बघा, डिलिव्हरीवाला कितीही घाई करू दे.

काल रात्री तीच जाहिरात परत आली. नाव बदललंय, किंमत 2,499 केलीय, फोटो तोच: निळा डबा, दोन काट्यांची मीटरं.