झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारा: भट्टीत वाढवायच्या की बाटलीत?

झिंक ऑक्साइडला मुळातच सुईसारखं वाढायची खोड आहे. त्याच्या षट्कोनी स्फटिकात एक थर जस्ताचा, एक ऑक्सिजनचा अशी चळत असते. त्यामुळे टोकाचे पृष्ठ विद्युतभारित राहतात आणि नवे अणू बाजूंपेक्षा टोकाकडे भराभर रचले जातात. म्हणजे नॅनोतार (जिची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते अशी बारीक तार) मिळणं कठीण नाही, हव्या त्या मापाची मिळणं कठीण आहे. तेव्हा प्रकल्प हाती घेताना आधी स्वतःला विचारा: जाडी, लांबी, दिशा आणि जागा यांपैकी नेमकं काय ताब्यात हवं आहे?

भट्टीची पद्धत जुनी. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये वॅग्नर आणि एलिस यांनी १९६४ साली सोन्याच्या थेंबाखाली सिलिकॉनचे तंतू वाढवले, तीच युक्ती इथे चालते. झिंक ऑक्साइडची पूड ग्रॅफाइटबरोबर खलून नळीभट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवायची. ग्रॅफाइटमधला कर्ब (कार्बन) ऑक्सिजन ओढून घेतो, जस्ताची वाफ सुटते, आर्गॉनबरोबर पुढे सरकते आणि सोन्याच्या थेंबात विरघळते. थेंब तृप्त झाला की खालून तार बाहेर पडू लागते. तारेची जाडी थेंबाच्या आकारावर ठरते आणि जागा सोनं जिथे लावाल तिथे. उभं वाढण्यासाठी मात्र खाली नीलमणी लागतो. कारण झिंक ऑक्साइडच्या स्फटिकजाळीतलं, म्हणजे अणूंच्या मांडणीतलं, ०.३२५ नॅनोमीटरचं अंतर चौपट केलं की नीलमण्याचं १.३ नॅनोमीटर जवळपास तंतोतंत भरतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने २००१ मध्ये अशाच तारांमधून खोलीच्या तापमानाला ३८५ नॅनोमीटरचा अतिनील लेसर मिळवला, आणि तारा वाढायला मिनिटंच लागली होती, २ ते १०.

मग अडचण काय? नळीत तुकडा थोडा मागे-पुढे सरकला तरी वाफेचं प्रमाण बदलतं आणि तारांऐवजी पट्ट्या किंवा कंगवे हाती येतात. काच, प्लास्टिक, कापड यांचा तर प्रश्नच नाही. शिवाय सोनं सिलिकॉनमध्ये शिरून इलेक्ट्रॉन अडकवणारे सापळे तयार करतं, म्हणून चिप बनवणाऱ्या ठिकाणी ते दारातच अडवतात.

बाटलीतली पद्धत ज्यांनी खडीसाखर होताना पाहिली आहे त्यांना लगेच कळेल. तिथे दोरा सोडतात, इथे बीजथर देतात: झिंक अॅसिटेटचं अल्कोहोलमधलं द्रावण काचेवर फिरवून पसरायचं आणि साधारण ३५० अंशांना भाजायचं. मग झिंक नायट्रेट आणि हेक्झामीन, प्रत्येकी २५ मिलिमोलर, ९० अंशांच्या आसपास काही तास. (हेक्झामीन म्हणजे जवान डबा गरम करायला ज्या वड्या पेटवतात, त्यांतलं.) ते सावकाश फुटून अमोनिया सोडतं, त्यामुळे सामू (पीएच) हळूहळू चढतो आणि सगळं जस्त एकदम खाली बसत नाही. बर्कलीतच २००३ मध्ये या वाटेने चार इंची सिलिकॉन चकती तारांनी भरून निघाली. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक बाथमधून पातळ थर काढण्याची परंपरा जुनी आहे, त्यामुळे ही रीत मराठी विद्यार्थ्याला अगदीच परकी नाही.

इथे जाडी बीजाच्या कणांवर आणि द्रावणाच्या संहतीवर (तीव्रतेवर) ठरते, तीही ढोबळच. लांबीची खरी अडचण जस्त संपण्याची असते, कारण बरंचसं द्रावणातच गाळ होऊन वाया जातं. उपाय दोन. द्रावण बदलत राहा, किंवा पॉलिइथिलीनइमाइन हे बहुलक (पॉलिमर) घाला, ते तारेच्या बाजूंना चिकटून जाडी रोखतं. २००५ मध्ये रंजकाच्या (म्हणजे रंगद्रव्याने प्रकाश शोषणाऱ्या) सौर घटासाठी त्याच्या मदतीने लांबी जाडीच्या १२५ पटींवर नेली गेली. पण नंतर हे सेंद्रिय आवरण भाजून काढावं लागतं, म्हणजे प्लास्टिक पुन्हा बाद.

मला सगळ्यात हुशारीची वाटते ती तिसरी वाट. एमआयटीच्या गटाने २०११ मध्ये अल्कधर्मी द्रावणात जस्ताशिवाय दुसऱ्या धातूंचे आयन (विद्युतभारित कण) किंचित मिसळले. अॅल्युमिनियमचे ऋणभारित आयन टोकाच्या पृष्ठावर बसतात आणि लांबी थांबते, मिळतात चपट्या चकत्या. कॅडमियमचे धनभारित आयन बाजूंना बसतात आणि सुया मिळतात. लांबी-जाडीचं गुणोत्तर सुमारे ०.१ ते १००, तापमान ६० अंशांच्या खाली, भाजणं नाही. मोल एवढंच की सामूवर बारीक नजर हवी, आणि कॅडमियम वापरलं तर उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतता येणार नाही.

एकेका तारेवर मोजमाप, लेसर किंवा स्फटिकाची शुद्धता हे काम असेल तर भट्टीच घ्या. पाण्यातून आलेल्या तारांत हायड्रोजन आणि इतर दोष राहतात. ४०० अंशांना तापवल्यावर त्या सुधारतात, पण भट्टीतल्या तारांच्या बरोबरीला क्वचितच येतात. वायूसंवेदक, सौर घट, कापडावरचे दाबविद्युत (दाबल्यावर वीज देणारे) प्रयोग यांसाठी भट्टीवर पैसे घालवू नका. आणि एम.एस्सी.च्या चार महिन्यांच्या प्रकल्पात तर हेक्झामीनची साधी कृतीच बरी. आयनांचा खेळ नंतर.

एक मात्र करा: काच बीजाची बाजू खाली करून तिरकी टेकवा. वर तोंड करून ठेवलीत तर द्रावणातला गाळ तारांवर साचेल, आणि मायक्रोस्कोपखाली तारा कुठल्या नि गाळ कुठला हेच शोधत बसाल.