एएस/४००चं रेकॉर्ड लॉकिंग : वाळूजच्या कारखान्यातला अनुभव

वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याची एएस/४००, म्हणजे आयबीएमची धंद्याच्या कामाची कॉम्प्युटर सिस्टिम, मी सांभाळतो. आता मशीन आयबीएमच्या पॉवर मालिकेतलं आहे, सिस्टिमचं नाव २००८पासून आयबीएम आय झालंय, पण आमच्याकडं सगळे एएस/४००च म्हणतात. १९८८ साली आलेल्या या सिस्टिमचं रेकॉर्ड लॉकिंग, म्हणजे एकजण फाइलीतली नोंद बदलत असताना ती दुसऱ्याला बदलू न देणं, मला मनापासून आवडतं.

स्टोअर्सवाला आणि डिस्पॅचवाला एकाच आयटमचा साठा बदलायला गेले, तर पहिल्याला रेकॉर्ड मिळतं, दुसरा थांबतो. आकडा चुकत नाही. शिवाय कुणी अडवलंय तेही कळतं. जॉब म्हणजे मशीनवर चालू असलेलं एकेक काम; त्याच्या नोंदवहीत, जॉब लॉगमध्ये, सीपीएफ ५०२७ हा मेसेज येतो, त्यात रेकॉर्ड नंबर आणि ते धरून बसलेला जॉब. टर्मिनलवर चालणाऱ्या जॉबचं नाव म्हणजे त्या टर्मिनलचंच नाव, त्यामुळं कुठल्या टेबलाकडं जायचं हे विचारावं लागत नाही.

तरी महिनाअखेरीला 'एएस/४०० अडकली' अशी ओरड होतेच. गाडी भरून गेटवर उभी आणि इन्व्हॉइस निघत नाही. बघावं तर प्रोग्रामनं फाइल अपडेटसाठी उघडलेली, चेन (रेकॉर्ड शोधून वाचायची आज्ञा) मारून रेकॉर्ड घेऊन लॉक केलेलं, स्क्रीन समोर ठेवलेला आणि ऑपरेटर चहाला गेलेला. याचं खापर मशीनवर फोडणं मला पटत नाही. आरपीजीत, म्हणजे आमचे प्रोग्राम ज्या भाषेत आहेत तिच्यात, चेनला एन जोडला की रेकॉर्ड लॉक न करता वाचता येतं. एंटर दाबल्यावर पुन्हा चेन मारायची, मधे कुणी काही बदललंय का ते ताडायचं आणि लगेच अपडेट करायचं. एवढी शिस्त प्रोग्राम लिहिणाऱ्यानं पाळलीच पाहिजे.

एक प्रकार नवख्यांना फार छळतो. एका प्रोग्रामनं आयटम मास्टरचं (सगळ्या आयटमच्या मूळ फाइलीचं) रेकॉर्ड धरलंय आणि त्यानं बोलावलेला दुसरा प्रोग्राम तीच फाइल वेगळी उघडून तेच रेकॉर्ड मागतोय. मग जॉब स्वतःच्याच लॉकवर अडतो. रेकॉर्ड आपल्याच जॉबनं धरलंय असं मेसेजमध्ये दिसलं की समजायचं.

ब्लॉकिंग, म्हणजे एकेक न करता गठ्ठ्यानं रेकॉर्ड वाचणं-लिहिणं, मात्र जपून वापरावं. साठ्याचा रिपोर्ट काढताना फाइल नुसती ओळीनं वाचायची असते, तिथं ओव्हरराइडमध्ये (फाइलीची सेटिंग तात्पुरती बदलणाऱ्या आज्ञेत) सीक्वेन्शियल ओन्ली दिलं की एका दमात ढीगभर रेकॉर्ड येतात आणि वेळ खूप वाचतो. पण आउटपुट फाइलला ब्लॉकिंग असेल, तर लिहिलेली रेकॉर्ड बफरमध्येच थांबतात, शेजारच्या टेबलावर दिसत नाहीत. तिथं फोर्स एंड ऑफ डेटा ही बफरमधलं फाइलीत ढकलणारी आज्ञा द्यावी लागते.

एक गोष्ट खटकते. फिजिकल फाइल (प्रत्यक्ष डेटा ठेवणारी फाइल) बनवताना रेकॉर्डसाठी थांबायची मुदत आपोआप ६० सेकंद धरली जाते. डिस्पॅचच्या खिडकीवर ती फार होते. आम्ही रोजच्या फाइलींना ५ ठेवलीय आणि प्रोग्राममध्ये १२१८ स्टेटस (रेकॉर्ड लॉक असल्याचा एरर कोड) पकडून 'रेकॉर्ड अमुक टर्मिनलवर उघडं आहे' असं मराठीत दाखवतो.